जांभ्याची शाळा, चुन्याचं काम: दोन हंगामांच्या नोंदी

दापोली तालुक्यात, खाडीपासून अर्ध्या तासाच्या चालीवर आमचं हायस्कूल आहे. दरवाज्यावरच्या दगडात १९२६ कोरलंय. दोन फूट जाड जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती, छपराला सागाच्या कैच्या (त्रिकोणी सांगाडे), मंगलोरी कौलं, तीन बाजूंना पडवी, सात वर्ग आणि एक हॉल. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळात निम्मं छप्पर उघडं पडलं. लॉकडाऊनमध्ये कौलं मिळेनात, माणसं मिळेनात. निळी ताडपत्री घातली, ती तीन पावसाळे तशीच राहिली. इमारत पाडून आरसीसी बांधायचा ठराव संस्थेनं जवळजवळ केलाच होता. माजी विद्यार्थ्यांनी धरणं धरल्यासारखं करून तो थांबवला. मी १९८६च्या दहावीची. नोकरीची सगळी वर्षं बँकेत हिशेब लिहिण्यात गेली, म्हणून ही वही माझ्या गळ्यात पडली. जुन्या चिऱ्याच्या इमारतीला हात घालणाऱ्या कुणाला उपयोग होईल म्हणून देतेय. चुका खोडलेल्या नाहीत.

९ ऑक्टोबर २०२२

इमारतीची तपासणी करायला आलेल्या पहिल्या ऑडिटरनं भिंतीचे पोपडे बघून पंधरा मिनिटांत 'धोकादायक' लिहून दिलं होतं. आता ज्या वास्तुविशारद बाई आल्या त्या दोन दिवस राहिल्या. हातात ओळंबा, हातोडी आणि पेचकस, बस्स. भिंतींना सगळीकडे ओळंबा लावला, अर्ध्या इंचाच्या वर फरक कुठेच नाही. हातोडीनं गिलावा ठोकत गेल्या. निम्म्या ठिकाणी बद्द आवाज. "भिंती ठणठणीत आहेत, त्यांच्यावर चढवलेले कपडे कुजलेत," असं म्हणाल्या. वरून येणारं पाणी, खालून चढणारं पाणी आणि मध्ये कोंडून ठेवणारं सिमेंट. तिन्ही गोष्टी गेल्या शंभर वर्षांतल्या नाहीत, गेल्या तीस वर्षांतल्या आहेत.

अंदाज ३१ लाखांचा. हातात २२ लाख ४० हजार. ठरलं: या हंगामात फक्त छप्पर, भिंती पुढच्या वर्षी. चार जणांना हे पटलं नाही. त्यांना डिसेंबरच्या स्नेहसंमेलनाला रंगवलेली शाळा हवी होती.

१६ ऑक्टोबर

पैशाचं एकदाच लिहून ठेवते. माजी विद्यार्थ्यांचं वेगळं खातं उघडू नका, सगळं संस्थेच्या ८०जी (देणगीदाराला करसवलत) असलेल्या खात्यात घ्या. दोन हजारांवर रोख घेतली तर देणाऱ्याला सवलत मिळत नाही आणि मग तो आपल्यावर चिडतो. परदेशातल्यांचं नीट विचारून घ्या: भारतीय पासपोर्ट असेल तर अडचण नाही, पण नागरिकत्व तिकडचं घेतलं असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) असलं तरीही, ती विदेशी देणगी ठरते आणि एफसीआरए (विदेशी देणगीचा कायदा) नोंदणी नसलेल्या संस्थेला ती घेता येत नाही. आमच्या एका मित्राचे चार लाख या पायी नाकारावे लागले. तो अजून बोलत नाही.

२ नोव्हेंबर

कौलं उतरवायला सुरुवात. पहिल्याच दिवशी चूक. पोरांनी कौलं पटांगणात आडवी, एकावर एक रचली, कमरेइतकी उंच. संध्याकाळी खालचे थर फुटलेले. मोजली: ३४० गेली. कौलं उभी रचायची असतात, जराशी कलती, खाली रिपेचा तुकडा घालून, आणि एकावर एक दोनच थर. हे गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्यानं सांगितलं असतं. विचारलंच नाही.

५ नोव्हेंबर

ही मोठी चूक होती, थोडक्यात निभावली. छपराची समोरची उतरण भराभर मोकळी होतेय या आनंदात होतो. सुतारकाका दुपारी आले आणि फाटकातूनच ओरडले, "अरे, एका खांद्यावरचं ओझं काढलंत, दुसऱ्यावर तसंच? कैची फिरंल ना!" मागच्या उतरणीवर सगळी कौलं जिथल्या तिथे होती. तिसऱ्या कैचीचं आढं अंगठाभर सरकलेलं. लगेच टेकू दिले. मग दोन्हीकडून सारखी, पाच पाच ओळी करत उतरवली. काका आधी पाच दिवस लग्नाला गेले होते आणि आम्ही त्यांच्यासाठी थांबलो नव्हतो.

१२ नोव्हेंबर

कौलं पाठीवरच्या शिक्क्यांप्रमाणे वेगळी लावली. तीन कारखान्यांची निघाली. १८६५ साली बासेल मिशननं मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि तो साचा बघून पुढे किनाऱ्यावर कितीतरी कारखाने निघाले. दिसायला सगळी सारखी. पण खाचा सारख्या नाहीत. एका शिक्क्याचं कौल दुसऱ्याच्या शेजारी बसवलं की बोटाची फट राहते. नवीन कौल तर तिघांपैकी कुणाशीच जुळत नाही.

एकूण ९,२०० पैकी धड ५,१०० निघाली. ठरवलं की समोरची उतरण पूर्ण जुनी, मागची पूर्ण नवी, एका उतरणीवर मिसळायचं नाही. नवी ४,४०० मागवली, जागेवर पोचून ३६ रुपये नग. म्हणजे १,५८,४०० रुपये. फुटतील म्हणून ३०० जास्तीची धरलीत, ती कमी पडणार असं काका आत्ताच सांगतायत.

२८ नोव्हेंबर

वाशांची तपासणी. प्रत्येकावर पत्र्याचा नंबर ठोकला, फोटो काढला, मगच उतरवला. पेचकस टोकात खुपसायचा. अर्ध्या इंचाच्या आत अडकला तर ठीक, मुठीपर्यंत गेला तर कापायचा. समोरच्या ६४ पैकी २३ टोकं गेलेली. मधला वासा मात्र सगळीकडे लोखंडासारखा.

एक गोष्ट सगळ्यांना बोलावून दाखवली. भिंतीत शिरलेली ज्या वाशांची टोकं मूळच्या चुन्यात होती ती शाबूत. ज्यांच्याभोवती नंतर कुणी सिमेंट ठासलं होतं ती सगळी भुसा. पाणी दोन्हीकडे शिरलं, चुन्यातून निघून गेलं, सिमेंटमधून निघालं नाही.

अख्खे वासे बदलायचे नाहीत, कुजकं कापून चांगल्या लाकडापर्यंत जायचं आणि तिरपा सांधा द्यायचा. सांध्याची लांबी वाशाच्या जाडीच्या चौपट, लाकडी खुंट्या आणि दोन न गंजणारे बोल्ट. नवीन सागाचा भाव ऐकून घरी आले होते. शेजारच्या गावात एक जुनं घर मोडत होते, त्याचे वासे निम्म्या किमतीत मिळाले. वाळलेलं, वळणं संपलेलं लाकूड. फक्त खिळे शोधायला तीन दिवस गेले आणि रंध्याचं एक पातं.

१४ डिसेंबर

पोत्यातला चुना फसला. ४० पोती भुकटी आणली होती. गवंडी मेस्त्रींनी नमुन्याचा गोळा करून ठेवला, आठवड्यानं बोटानं चुरला. गोदामात पडून हवा खाल्लेला चुना. जे घट्ट व्हायचं ते पोत्यातच होऊन गेलेलं. दुकानदार परत घेईना. आता ती कंपाउंडच्या सफेदीला.

जुन्या दर्जांमध्ये, म्हणजे चिऱ्यांमधल्या सांध्यांत, शिंपल्यांचे तुकडे दिसतात. इथे पूर्वी शिंपले भाजूनच चुना करायचे. आता ते कुणी करत नाही.

३ जानेवारी २०२३

कळीचा चुना (भाजलेले, पाणी न लागलेले खडे) आला. शाळेमागे हौद खणून विरवायला घातला. आधी पाणी, मग चुना. उलटं करायचं नाही. उकळ्या फुटतात, शिंतोडे उडतात. चष्मा आणि लांब हातमोजे सक्तीचे केले तरी एका पोराच्या मनगटावर फोड आलेच. फडक्यानं गाळून साठवला, वर बोटभर पाणी ठेवून झाकला. वास्तुविशारद बाईंनी निदान तीन आठवडे सांगितलेत. मेस्त्री म्हणतात जितका मुरेल तितका चांगला, लोणच्यासारखा.

९ फेब्रुवारी

भिंतीच्या माथ्यावर, वासे टेकतात तिथे, चुन्याचं काम सुरू. एक भाग चुना, एक भाग सुर्खी (विटांची भुकटी), दोन भाग वाळू.

चौथ्या दिवशी मला मालाचा रंग जरा निळसर वाटला. मेस्त्रींना विचारलं. ते तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "ताई, एकच घमेलं टाकला सिमेट. नुसता चुना धरायला वेळ लावतो, पोरं बसून राहतात. तुमचाच खर्च वाढतो."

खोटं नव्हतं. रोजंदारी आम्हीच ठरवली होती, आणि चुना सुकायची वाट बघणाऱ्या माणसाला रोजंदारीवर बसवून ठेवणं आम्हालाही खुपत होतं. तीन दिवसांचं काम उकरून काढलं. मेस्त्रींशी नवा हिशेब केला: माथ्याच्या फुटावर दर, आणि मधल्या दिवसांना पडवीच्या फरशीचं काम. त्यानंतर सिमेंटचं पोतं आवारात दिसलं नाही. मेस्त्री वाईट नव्हते, करार वाईट होता.

४ ते १६ मार्च

शिमगा. काम बंद. पालखी आवारात आली तेव्हा मचाणाखालून नेली. कुठल्याही वेळापत्रकात हे पंधरा दिवस धरा, नाहीतर आमच्यासारखे भाडेतत्त्वावरच्या मचाणाचे पैसे भरत बसाल.

२१ एप्रिल

वाळू खारी निघाली. ट्रकवाल्यानं नदीची म्हणून खाडीची टाकली होती. एका माथ्यावर पंधरा दिवसांत पांढरी बुरशी आल्यासारखा लोणा (मिठाचा थर) फुटला. तेव्हापासून प्रत्येक खेपेतली चिमूटभर मेस्त्री जिभेवर ठेवतात. मीही ठेवते. शास्त्र याहून पुढे गेलंय, पण ट्रक परत पाठवायला एवढं पुरतं.

८ जून

मागच्या उतरणीचे ११०० नग बसायचे राहिलेत. ३०० जास्तीची कधीच संपली. रोज आभाळाकडे बघतोय.

११ जून

मान्सून आज रत्नागिरीत पोचल्याचं जाहीर झालं. यंदा उशीर केला म्हणून वाचलो. शेवटची ओळ काल रात्री साडेनऊला दिव्यात लावली.

२३ जुलै

छप्पर गळत नाही. एका कोपऱ्यात जरा पाझर, बाकी कोरडं. आणि तरीही वर्गात तोच वास. भिंती जमिनीपासून तीन साडेतीन फुटांपर्यंत ओल्या, त्यावर कोरड्या, अगदी पट्टी ओढल्यासारखी रेघ. वरचं पाणी बंद झालं म्हणून खालचं आता स्पष्ट दिसतंय.

छत्री घेऊन शाळेभोवती फिरले. पागोळीचं पाणी पेव्हर ब्लॉकवर पडतं, उडतं आणि भिंतीला लागतं. पेव्हर ब्लॉक इतके उंच की जोतं दिसतच नाही. आमच्या वेळी पडवीत चढायला तीन पायऱ्या होत्या. आता दोन आहेत. तिसरी कुठे गेली हा प्रश्न पेव्हर बसल्यापासून बारा वर्षांत एकाही माजी विद्यार्थ्याला पडला नाही, मी धरून.

१५ ऑक्टोबर

दुसरा हंगाम. पेव्हर ब्लॉक काढायचे. ते एका बॅचनं दिलेत, कोपऱ्यात ग्रॅनाइटची पाटी आहे. फोन मी केला. "आम्ही घाम गाळून दिलेलं तुम्ही उचकटणार?" इथपासून सुरुवात झाली. त्यांना या म्हटलं. दोघे आले. त्यांच्यासमोर भिंतीलगतचा एक पट्टा काढला, नऊ इंच खाली तिसरी पायरी निघाली, मधोमध झिजलेली. त्यांच्यातला एक त्या पायरीवर बसला. मग काही बोलणं झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनीच दोन मजूर पाठवले.

२२ ऑक्टोबर

पेव्हरखाली जोत्यालगत दगडी गटार सापडलं, इमारतीच्या तिन्ही बाजूंना, अगदी नीट उतार दिलेलं. मातीनं गच्च. उपसलं, दोन चिरे बदलले, पाणी सोडून पाहिलं. विहिरीमागच्या चरात जाऊन पडलं. पाच दिवस, सहा माणसं, १९,८०० रुपये. इथवरच्या सगळ्या खर्चात हा सगळ्यात लहान आणि सगळ्यात कामाचा. पुन्हा करायचं झालं तर छपराच्याही आधी हे करीन.

६ नोव्हेंबर

सिमेंटचा गिलावा काढणं. ब्रेकर मशीन एक तास चालवलं आणि बंद केलं, गिलाव्याबरोबर चिऱ्याचा पापुद्रा येत होता. छिन्नी-हातोडी, हळूहळू, खालून वर. मागून चिरा लाल पिठासारखा गळतो. काही ठिकाणी दोन इंच आत. जांभा खाणीतून निघताना मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. इथे वीस वर्षं हवाच लागू दिली नव्हती.

४६ चिरे बदलायला हवेत. हल्लीचा मशीनचा चिरा जुन्यापेक्षा लहान, थर जुळत नाहीत. खाणमालकाला जुन्या मापाचे मागितले तर आधी हसला, मग हातानं काढून देणारा एक वयस्क माणूस शोधून दिला. दर दुप्पट. आणून दोन महिने आवारात उघड्यावर ठेवले, तेवढ्यात चार जणांनी "हे असेच टाकून ठेवलेत का" म्हणून विचारलं.

१९ डिसेंबर

आज वर्ग तीन. भिंतीचा खालचा चार फूट पट्टा ऑइलपेंटचा, चॉकलेटी. दाराच्या वर पंख्यांवर लिहितात तशा अक्षरात: सप्रेम भेट, १९८६ची बॅच.

हे आमचं. १९९६ला दहा वर्षं झाली म्हणून वर्गणी काढून केलेलं. मीच पैसे गोळा केले होते. "पोरांचे हात लागून भिंती मळतात, ऑइलपेंट पुसता येतो," हे वाक्यही माझंच असावं. इतर बॅचना फोन करून समजावताना मी या वर्गासमोरून कितीदा गेले असेन.

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासायचं नाही. ओलं करून खरवडायचं, मास्क लावून, आणि निघालेला लगदा पोत्यात भरून वेगळा ठेवायचा. एका वर्गाला नऊ दिवस लागले. रंगाखालचा मूळ चुन्याचा गिलावा ओलाचिंब होता आणि हातानं निघून आला.

जानेवारी ते मार्च २०२४

गिलावा. लिहिण्यासारखं एकच. वर्ग पाचमध्ये घाईनं न गाळलेला चुना वापरला. महिन्यानं भिंतीवर वाटाण्याएवढे फोड आले आणि उडाले. न विरलेले खडे नंतर भिंतीत फुगतात. सगळं खरवडून पुन्हा. बाकीच्या वर्गांत पातळ तीन हात, प्रत्येक हातानंतर ओलं गोणपाट, दिवसातून चारदा शिंपण. शिंपणाचं काम नववीच्या मुलांनी मागून घेतलं. भिंतीपेक्षा एकमेकांना जास्त भिजवलं. वर चुन्याची सफेदी, बाकी रंग नाही. "अर्धवट दिसतं" अशी तक्रार आली. बरोबर आहे, जाहिरातीतल्या भिंतीसारखं दिसत नाही.

१८ मे

हिशेब. दोन हंगामांत ३६ लाख ७० हजार, म्हणजे अंदाजापेक्षा ५ लाख ७० हजार जास्त. त्यातले माझ्या वहीप्रमाणे ३ लाख १० हजार निव्वळ आमच्या चुकांचे: फुटकी कौलं, भुकटी चुना, उकरलेला माथा, शिमग्यातलं मचाण, खारी वाळू, वर्ग पाच. अजून संस्थेचं दीड लाख देणं आहे. खिडक्यांना हात लावलेला नाही.

भिंतींवरून काढलेल्या देणगीदारांच्या ११ पाट्या कपाटात आहेत. परत लावायच्या का यावर तीन बैठका झाल्या. मी एका लाकडी फळ्यावर सगळी नावं लिहू म्हटलं. निर्णय नाही.

१४ जुलै

या पावसात वर्ग तीनच्या भिंतीला हात लावला. गार आहे, ओली नाही. रेघ गुडघ्याखाली आलीये. पूर्ण जायला अजून एकदोन वर्षं लागतील असं बाईंनी कळवलंय.

पाझर मात्र वाढला. समोरची जुनी कौलं आणि मागची नवी जिथे पडवीच्या कोनावर भेटतात, तिथेच, त्या न जुळणाऱ्या खाचांतून. मिसळायचं नाही ठरवलं होतं, पण कोपऱ्यात कुठेतरी मिसळणारच होती. सुतारकाका म्हणाले पावसात वर चढायचं नाही, दसऱ्याला बघू. तोपर्यंत खाली बादली ठेवलीये.

बादलीवर पोरांपैकी कुणीतरी खडूनं लिहिलंय: सप्रेम भेट, १९८६ची बॅच.